पवळीचा तिसरा पेपर

खडकवंगणला दर वर्षी माघ महिन्यात गाईंची पचनाची परीक्षा होते, आणि यंदा तिसऱ्या पेपरला बुधाबाई भांगरेची डांगी गाय नक्कल करताना धरली गेली. धरली ती उगले मास्तरांनी. याचं गावात कुणाला नवल वाटलं नाही. मास्तर तीस वर्षं शाळेत पर्यवेक्षक होते. कुणी खोकला तरी खोकल्यातून उत्तर गेलं की काय, अशी त्यांना शंका यायची. निवृत्त झाल्यावर तालुका पचन मंडळाने त्यांना बोलावून घेतलं, कारण गाईंच्या परीक्षेला असाच डोळ्यांत तेल घालून बसणारा माणूस लागतो.

परीक्षा तशी सरळ आहे. तीन पेपर असतात. पहिला हलका, त्यात नुसता भाताचा पेंढा. दुसरा मध्यम, त्यात मुरघास, म्हणजे खड्ड्यात दाबून आंबवलेला हिरवा मका. तिसरा भारी, मक्याचा भरडा आणि सरकी पेंड. एकेका पेपरला पाच दिवस. आत गेलेलं तोलायचं, बाहेर आलेलं तोलायचं, मधे शंभरातलं जे राहिलं ते गुण. पन्नासला पास. ज्या पेपरात गाय पास होईल तेच खाद्य तिला वर्षभर घालता येतं. नापास झालेल्या पेपरातलं पोटभर घातलं तर ते पचत नाही, कारण मंडळाचा तसा दाखला तिच्याकडे नसतो.

कोणत्या जातीला काय पचतं हे लहान पोरालाही ठाऊक आहे. डांगी गाय डोंगरातली, वाळल्या काडीतून जीव काढणारी. हलक्या पेपरात तिला साठाच्या वर पडणार आणि भारी पेपरात ती हमखास आडवी होणार. होल्स्टीन संकरित गाईचं बरोबर उलटं. तिच्यापुढे पेंढा टाकला तर ती तो खाते आणि जसाच्या तसा परत करते, पण भरडा घातला की बघायला नको. बुधाबाईच्या पवळीला गेल्या दोन वर्षांत भारी पेपरात अठ्ठावीस आणि एकतीस असे गुण होते. यंदा पडले बहात्तर. शेजारच्या खुंट्याला लिली नावाची होल्स्टीन उभी होती. तिलाही बहात्तरच.

मास्तरांनी अहवालात लिहिलं, "परीक्षार्थी क्रमांक सात हिने पाच दिवसांत एकूण चौदा वेळा डावीकडे पाहिले. डावीकडे परीक्षार्थी क्रमांक आठ बसलेली होती. दोघींच्या मधोमध माझी खुर्ची होती, तरीही तिने मान उंच करून पाहिले. सबब नक्कल." खाली सही केली, तारीख टाकली, आणि समाधानाने पेनाला टोपण लावलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बुधाबाई त्यांच्या ओट्यावर येऊन बसली. पन्नाशीची, काटक बाई. नवरा गेल्यापासून ती आणि पवळी अशा दोघीच घरात. चहा पुढे आला तरी तिने कपाला हात लावला नाही.

"मास्तर, मपली गाय कुणाच्या ताटात डोकावत नाय," ती म्हणाली.

"मी या डोळ्यांनी पाहिलंय, बुधाबाई."

"डावीकडं बघत व्हती ना? डावीकडं दार हाये. दारातून डोंगर दिसतो. तिला डोंगर बघायची सवय."

"आणि बहात्तर गुण डोंगराने दिले का?"

"आभ्यास केलाय तिनं."

मास्तर हसले नाहीत. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. शाळेत पालक भेटायला यायचे तेव्हाही ते असंच करत. "गाय अभ्यास करते?"

"मग? तुमच्या शाळंतली पोरं काय जन्मताच पाढे म्हणत आली व्हती? दिवाळीपास्नं घेऊन बसलेय मी तिला. पैल्या आठवड्याला चिमूटभर भरडा, त्योबी पेंढ्यात कालवून. मग मूठ. मग दोन मुठी. एक दिवस जास्ती झालं तर पोट फुगलं बिचारीचं, तर मी तीन दिवस मागं आले आन पुन्यांदा मुठीपास्नं शिकवलं. तीन महिने, मास्तर. येकबी दिस चुकवला नाय."

"डांगीला भारी खाद्य पचत नाही. पुस्तकात आहे तसं."

"पुस्तक लिवणाऱ्यानं मपली गाय बघितली व्हती का?"

यावर मास्तरांना जास्तच संशय आला. इतकी तयारीची उत्तरं देणारा माणूस घरून ठरवून आलेला असतो, असा त्यांचा अनुभव होता. त्यांनी विचारलं, "आणि हे सगळं कशासाठी? इतकी वर्षं पेंढ्यावर चाललं होतंच की."

बुधाबाई म्हणाली, "पेंढा हाये कुठं? कार्तिकात अवकाळी झाला तव्हा समदा उभ्या गंजीत कुजला. मंडळाच्या गोदामात यंदा निस्ता भरडा आन पेंड. तिसऱ्या पेपरात पास झाली तर पवळी उन्हाळा काढील. नायतर नाय." मग ती म्हणाली, "आन तुम्ही तर तिला मनाई लावाय निघालात. वरल्या वाडीच्या गीर गाईचं काय झालं ते इसरलात का?"

मास्तर विसरले नव्हते. कलम अकरा म्हणतं, नक्कल सिद्ध झाल्यास दोषी व्यक्तीस अगर जनावरास तीन वर्षे पचनास मनाई. मनाईचा कागद डकवला की पचन थांबतं, सरकारी हुकूमच तो. वरच्या वाडीची गीर गाय रोज पोटभर खात होती आणि रोज थोडी थोडी कमी होत होती. होळीला कागद लागला आणि पोळ्याला तिच्या शिंगांना रंग लावायला कुणी उरलं नव्हतं. ती खाता खाताच गेली, असं तिचा मालक सांगतो.

"दोन पेपर सारखे आले तर ज्याचे मागचे गुण कमी, त्याने नक्कल केली. मी तीस वर्षं याच नियमाने चाललोय," मास्तर म्हणाले. "लिलीला दर वर्षी सत्तरच्या वर असतात. पवळीचे अठ्ठावीस. मी काय करू?"

बुधाबाई उठली. "कायतरी करा," एवढंच बोलून ती पायऱ्या उतरली. तिच्या चालीत खोटेपणा दिसतो का, हे मास्तर ती वळणाआड होईपर्यंत पाहत राहिले.

सोमवारी चौकशी झाली. मंडळाचे अधिकारी डॉक्टर रणदिवे टेबलाच्या मागे बसले. रणदिव्यांचा कुणावरच विश्वास नव्हता, मास्तरांवरही नाही. त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो असा, "मास्तर, गाईचे डोळे कुठे असतात?"

"डोक्याला, साहेब."

"बाजूला असतात. ती नाकासमोर बघत असली तरी तिला शेजारचं दिसतं. मग मान उंच करायची तिला गरजच काय? चौदा वेळा मान उंच केली याचा अर्थ ती दुसरंच काही बघत होती, असं कुणी म्हटलं तर?"

"तसं मुद्दाम भासवत असेल," मास्तर म्हणाले.

रणदिव्यांना हे पटलं. त्यांनाही तसंच वाटत होतं, फक्त ते दुसऱ्याच्या तोंडून ऐकायचं होतं. मग त्यांनी निर्णय दिला. पवळीची तिसऱ्या पेपरापुरती फेरपरीक्षा घ्यावी. जागा मंडळाचं दुसरं, रिकामं गोदाम. खिडकी नाही, दुसरं जनावर नाही, दार बंद. आत फक्त परीक्षार्थी आणि पर्यवेक्षक. "एकटीने पन्नास पाडले तर सुटली. नाहीतर कलम अकरा."

फेरपरीक्षेच्या पहिल्या दिवशी मास्तरांनी पवळीची झडती घेतली. कानात पाहिलं, खुरांच्या फटीत पाहिलं, गळ्यातली घंटा काढून आत काही अडकवलंय का तेही पाहिलं. गव्हाणीखाली हात घालून चाचपलं. काही सापडलं नाही. तेव्हा ते तिच्यासमोर सहा हातांवर खुर्ची टाकून बसले आणि तिच्या तोंडाकडे बघत राहिले.

पवळीने भरडा हुंगला आणि बेताने खायला लागली. हावरटपणा नाही, टाकाटाकी नाही. मधेच थांबायची, पाणी प्यायची, पुन्हा एक घास. मग खाली बसून रवंथ सुरू. डावीकडून उजवीकडे, डावीकडून उजवीकडे, चाळीस-पन्नास वेळा, मग गिळायची, क्षणभर शांत, आणि पोटातून पुढचा घास वर. मास्तर मोजत होते. एखादी खूण, एखादा इशारा, काहीतरी सापडेलच अशी त्यांची खात्री होती.

दुपारी मंडळाकडून पर्यवेक्षकाचं जेवण यायचं. पुऱ्या, मटकीची झणझणीत उसळ, वर जिलबी. मास्तरांना अकरा वर्षांपासून पित्ताचा त्रास होता. मऊ भात आणि ताक, याच्या पलीकडे काही पोटात ठरत नसे. आधीच्या परीक्षांना ते मंडळाचा डबा शिपायाला देऊन टाकत. यंदा मात्र तिसऱ्या पेपराच्या पाचही दिवशी त्यांनी तो खाल्ला होता आणि काही झालं नव्हतं. हवापालट झाली असेल, म्हणून त्यांनी तिकडे लक्ष दिलं नव्हतं. आता गोदामातही त्यांनी पवळीवरची नजर न काढता पुरी तोडली. पुरी चावताना त्यांचा जबडा डावीकडून उजवीकडे फिरत होता. घास गिळून ते क्षणभर शांत बसत, मग पुढचा घेत. हे त्यांच्या लक्षात आलं नाही, कारण ते गाईवर लक्ष ठेवून होते.

चौथ्या दिवशी संध्याकाळी घरी आल्यावर त्यांच्या बायकोने, शकुंतलाबाईंनी, त्यांच्याकडे निरखून पाहिलं. "अहो, चेहऱ्यावर तुकतुकी आलीय. काय खाता काय तिकडे?"

"पुरी-उसळ."

"आणि पचतं?"

"पचतं," मास्तर म्हणाले, आणि त्यांच्या मनात पाल चुकचुकली. अकरा वर्षं परगावचे वैद्य झाले, डॉक्टर झाले, सकाळी उपाशीपोटी कोरफडीचा रस झाला. कशाने काही फरक पडला नाही. आणि मूळ पेपराचे पाच दिवस नि हे चार दिवस, पवळीजवळ बसून खाल्लेलं तेवढं पचलं. मधल्या दिवसांत घरी एकदा हौसेने भजी खाल्ली होती तर रात्रभर छातीत जाळ. त्यांनी हात धुतले आणि देवघरासमोर उगीचच उभे राहिले.

पाचव्या दिवशी मोजमाप झालं. पवळीला बहात्तर गुण पडले.

आता रणदिव्यांची पंचाईत झाली. सुटली म्हणून कागद द्यायचा तर आकडा तोच, चुकूनही एक इकडे-तिकडे नाही. "शेजारी लिली नाही, कुणी नाही, तरी बहात्तर," ते म्हणाले. "डांगीला बहात्तर पडतच नाहीत. म्हणजे तिने कुणाचं तरी बघितलं. मास्तर, गोदामात आणखी कोण होतं?"

"कुणी नाही, साहेब."

"तुम्ही होता."

रणदिव्यांनी शिपायाला बोलावलं. पाच दिवसांत मास्तरांच्या पोटात काय गेलं याची नोंद मंडळाच्या स्वयंपाकघरात होती. बाकीचं तोलण्याची व्यवस्था पुढच्या दोन दिवसांत करण्यात आली. तिचा तपशील अहवालाच्या परिशिष्टात आहे आणि तो तिथेच राहिलेला बरा. मास्तरांचे गुण निघाले बहात्तर.

"झालं तर मग," रणदिवे एकदम खुलले. संशयी माणसाला नवा संशयित सापडला की जसा आनंद होतो, तसा त्यांना झाला होता. "दोन पेपर सारखे. एकाने दुसऱ्याचं बघितलं. आता नियम तुमचाच, ज्याचे मागचे गुण कमी त्याने नक्कल केली. गाईचे अठ्ठावीस आणि एकतीस. तुमचं काय? रोज पुऱ्या नि जिलब्या फस्त करता, म्हणजे तुमचं पोट मूळचंच हुशार दिसतंय. गाईने तुमचं पाहिलं, असं लिहितो. बरोबर ना?"

बुधाबाई दारात उभी होती. तिने पदर तोंडाशी धरला होता आणि ती मास्तरांकडे बघत होती.

मास्तरांना फक्त "हो" म्हणायचं होतं. त्यांच्या पोटाचं दुखणं खडकवंगणात बायकोखेरीज कुणाला ठाऊक नव्हतं; पर्यवेक्षकाने अशा गोष्टी गावभर सांगायच्या नसतात. आणि त्यांना भीती वाटली. चांगलीच वाटली. गीर गाय कशी संपली ते त्यांनी पाहिलं होतं. साठीच्या माणसाला तेवढाही वेळ लागणार नाही.

पण त्याच वेळी त्यांना वेगळंच काही आठवलं, आणि ते आठवू नये म्हणून त्यांनी छताकडे पाहिलं तरी ते गेलं नाही. तीस वर्षांत याच नियमाने त्यांनी एक्केचाळीस पोरं धरली होती. आकडा त्यांना पाठ होता, ते तो अभिमानाने सांगत. सगळी मागचे गुण कमी असलेली. वाड्यापाड्यांवरून चालत येणारी, कधी नव्हे ते एकदम चांगले गुण पडलेली. "अभ्यास केला, गुरुजी," असं त्यांतली कितीतरी म्हणाली होती. एकानेही चिमूट, मूठ, दोन मुठी असा हिशेब दिला नव्हता, पण तो द्यायला त्यांना वेळच कुणी दिला होता? मास्तरांना इतकी लाज वाटली की कानाच्या पाळ्या तापल्या.

"शून्य," ते म्हणाले.

"काय?"

"माझे मागचे गुण. भारी पेपरात शून्य. अकरा वर्षं शून्य आहेत. मऊ भात नि ताकावर आहे मी, साहेब. घरी विचारा. गाईने अभ्यास केलाय. नक्कल माझ्या पोटाने केली."

रणदिव्यांनी पेन खाली ठेवलं. "हे तुम्ही कुणाला तरी वाचवायला सांगत नाही ना?"

"मी तीस वर्षं कुणाला वाचवलं नाही," मास्तर म्हणाले. हे मात्र सगळ्यांना लगेच पटलं.

पवळीला भारी खाद्याचा दाखला मिळाला. मनाईचा कागद शिपायाने मास्तरांच्या स्वयंपाकघराच्या दारावर डकवला आणि जाताना पाणी मागून प्यायला.

पहिला आठवडा विशेष काही जाणवलं नाही. मास्तर जेवत, हात धुवत, वर्तमानपत्र वाचत. पित्तही थांबलं, कारण पित्ताला काही कामच उरलं नव्हतं. दुसऱ्या आठवड्यात लेंग्याची नाडी वीतभर जास्त आवळावी लागली. तिसऱ्या आठवड्यात चष्मा नाकावर ठरेना. शकुंतलाबाई साजूक तुपाची धार धरत आणि डोळे पुसत. दर सोमवारी रणदिवे स्वतः येऊन त्यांचं वजन घेत आणि ते पुरेसं उतरलंय ना, याची खात्री करून घेत. उतरलेलं पाहूनही त्यांचं समाधान होत नसे. "कुठे चोरून पचवत नाही ना?" असं ते दर खेपेला विचारत.

फाल्गुन संपता संपता बुधाबाई आली. मास्तर ओट्यावर बसले होते आणि त्यांच्या गळ्याच्या दोन्ही बाजूंना खड्डे पडले होते.

"चला," ती म्हणाली. "दुपारचं माझ्याकडं जेवायचं."

"काय उपयोग, बुधाबाई? मनाई आहे."

"जेवायला मनाई हाये का? नाय ना? मग चला. बाई, तुम्हीबी त्यांना सांगा की."

दारात उभ्या असलेल्या शकुंतलाबाईंनी त्यांच्या हातात काठी दिली. बुधाबाईच्या गोठ्यापर्यंत जायला त्यांना पाऊण तास लागला. तिने घोंगडी अंथरली, नागलीची भाकरी, हुलग्याचं पिठलं आणि ठेचा असं ताट पुढे ठेवलं, आणि पाणी आणायला म्हणून विहिरीकडे निघून गेली. चांगले दोन हंडे घेऊन गेली, म्हणजे परत यायला वेळ लागणार होता.

मास्तर ताट उचलून पवळीकडे पाठ करून, भिंतीकडे तोंड करून बसले. तसं त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. मनाई म्हणजे मनाई. त्यांनी घास घेतला. तो गेला, आणि आत नुसता पडून राहिला. मागे पवळी रवंथ करत होती. त्यांनी ऐकायचंसुद्धा नाही असं ठरवलं.

थोड्या वेळाने साखळी वाजली. पवळी उठली होती. साखळीला जेवढी लांबी होती तेवढी ताणून ती भिंतीच्या कडेने वळसा घालून आली आणि मास्तरांसमोर, दोन हातांवर, आडवी बसली. तिने त्यांच्याकडे पाहिलं नाही. मान दाराकडे वळवली, डोंगराकडे नजर लावली, आणि आपली पोटाची बाजू मास्तरांना नीट दिसेल अशी जराशी सरकवली. मग ती चावायला लागली, नेहमीपेक्षा सावकाश, एकेक घास सुटा करून.

वर्गात एखादी मुलगी मागच्या बाकावरच्या मैत्रिणीला दिसावं म्हणून कोपर उचलते, उत्तरपत्रिका बोटभर कडेला करते, आणि स्वतः मात्र फळ्याकडे बघत राहते. ही हालचाल मास्तरांना झोपेतही ओळखता आली असती. याला नक्कल पुरवणे म्हणतात. तो गुन्हा वेगळा आहे, कलम बारा, शिक्षा तीच.

मास्तरांनी भाकरीचा तुकडा मोडला. दारात कुणी उभं आहे का ते आधी पाहिलं, मग कुडाच्या फटीतून रस्त्यावर कुणाची सावली दिसते का ते पाहिलं. कुणी नव्हतं. त्यांनी चष्मा नाकावर घट्ट दाबून बसवला, तुकडा तोंडात घातला, आणि हळूच नजर पवळीकडे वळवली.